कमळा पालशेतकरचे पन्नास शेअर

प्रश्न साधा होता. शेअर घ्यायचे तर सुरुवातीला किती पैसे लागतात? एवढंच. दमयंती मयेकरने तो रत्नागिरीच्या मांडवीतल्या आपल्याच घरात, आपल्याच माणसांना विचारला आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्याला जो ताप झाला तो काही उतरेना. बांगडा कसा दिला म्हणून विचारलं तर कोळीण भाव सांगते. घ्यायचा तर घे, नाहीतर पुढे हो. इथे भाव कोणी सांगेना, जो तो आपली अक्कल तेवढी सांगत होता.

नवरा बाळा एसटीच्या डेपोत बुकिंगच्या खिडकीत बसायचा. दिवसभर लोक आपल्याला विचारतात म्हणजे आपल्याला सगळंच कळतं, असा त्याचा समज झालेला. ‘पंचवीस हजार तरी हवेत,’ त्याने भात कालवता कालवता सांगून टाकलं. ‘त्याच्या खाली ते लोक बोलत पण नाहीत.’

‘कोण लोक?’

‘तेच गो. शेअरवाले.’

धाकटा दीर धाकू बोटीवर इंजिनात कामाला होता आणि तेव्हा रजेवर आलेला. त्याने लगेच रक्कम दुप्पट केली. ‘वहिनी, पन्नास हजार. आणि दलाल ओळखीचा पाहिजे, नाहीतर पायरीवर उभा करत नाहीत. आमचा सेकंड इंजिनिअर घेतो ना.’ धाकूने जन्मात शेअर बघितला नव्हता. पण सेकंड इंजिनिअरचं नाव निघालं की त्याच्यापुढे बोलणं खुंटलं.

सासूबाई म्हणजे सगुणाबाई पडवीत काजूगर सोलत बसलेल्या. त्यांनी पैशाचं काही विचारलंच नाही. ‘आधी देवाला कौल लावा,’ त्या म्हणाल्या. ‘गुरव मूर्तीला फुलांचे कळे लावील. डावा पडला तर तिथेच मिटलं, उगाच डोकेफोड नको.’

‘आई, देव कशाला सांगेल किती रुपये लागतात ते?’

‘किती ते नाय सांगणार. लावायचे की नाय ते सांगेल.’

आता बोला. जिने विचारलं तिच्या हाती काही नाही आणि घरात मात्र पंचवीस हजार बरे की पन्नास, यावरून दोघा भावांत जुंपली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत. दमयंती ताटं उचलून आत गेली आणि तिने ती जरा जोरातच आपटली.

तिला लखपती व्हायचं नव्हतं. तिचं दुखणं वेगळंच होतं. एप्रिल-मे आला की ती आंबापोळ्या घालायची, मग फणसपोळ्या, मग कोकमं. मुंबईला जाणारे लोक घरी येऊन घेऊन जायचे. पैसे तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली. आणि डब्यात चार पैसे साठले की अख्ख्या घराला त्याचा वास लागायचा. एकदा बाळाच्या स्कूटरचे टायर गेले. एकदा धाकूच्या साखरपुड्याला अंगठी कमी पडली. एकदा पावसाच्या तोंडावर कौलं आणायची होती, ती काय थांबणार होती थोडीच. दर वेळी ‘पगार झाला की देतो.’ पगार दर महिन्याला व्हायचा. लग्नाआधीपासून तिचं बँकेत खातं होतं, तिथे ठेवून बघितले. पण बाळा स्लिप घेऊन यायचा, ‘जरा सही कर ना गो, घाईत आहे,’ म्हणायचा आणि ती आपली कणकेच्या हाताने सही करायची.

आणि एक दिवस तिने पेपरात जाहिरात वाचली. पंखे बनवणारी कुठलीशी कंपनी, तिचे शेअर निघालेत. तिला एवढंच कळलं, की हे पैसे एकदा तिकडे गेले की मंगळवारी मागितले म्हणून मंगळवारी मिळत नाहीत. तेच तिला हवं होतं. एक तरी वस्तू अशी हवी होती, की जिच्यावर घरातलं कोणी टायर घेऊ शकणार नाही.

शेवटी ती कोणाला न सांगता गोखले नाक्यावरच्या बँकेत गेली. तिथे महिपतराव म्हणून कारकून होते, तिला खातं उघडल्यापासून ओळखणारे. तिने तोच प्रश्न त्यांना विचारला आणि मनातल्या मनात पाऊण लाखाची तयारी ठेवली.

‘या इश्यूला?’ महिपतरावांनी फॉर्म पुढे सरकवला. ‘कमीत कमी पन्नास शेअर. दहाला एक. अर्जाबरोबर निम्मे, म्हणजे अडीचशे. शेअर लागले तर उरलेले अडीचशे भरायचे. नाही लागले तर पहिले परत.’

‘अडीचशे?’

‘अडीचशे.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडीचशे रुपयांसाठी तिने महिनाभर पंचवीस हजार, पन्नास हजार आणि देवाचा कौल ऐकून घेतला होता. अडीचशेच्या तर तिच्या नुसत्या आंबापोळ्या खपायच्या एका मोसमात. तिने तिथेच पेन मागितलं आणि फॉर्मवर लिहायला सुरुवात केली. दमयंती. एवढं होतंय तोच महिपतरावांनी हात आडवा घातला.

‘थांबा, थांबा. खातं कुठल्या नावावर आहे तुमचं?’

खातं होतं कमळा गंगाराम पालशेतकर या नावावर. लग्नाआधी ती रत्नागिरीत बालवाडीवर शिकवायची, तेव्हाचं. लग्नात तिचं नाव बदललं. का, तर मयेकरांच्या घरात एक कमळा आधीच होती, बाळाची बहीण. दोन कमळा कशाला, हाक मारली की दोघी ओ देतील, असं सगुणाबाईंनी ठरवलं आणि बाळाने अंगठीने तांदळात ‘दमयंती’ लिहिलं. पुढे वर्षभरात ती नणंद लग्न होऊन मिऱ्याला गेली आणि घरात एकही कमळा उरली नाही. पण दिलेलं नाव कोण परत घेतं?

‘मग आता दमयंती लावून टाका ना खात्यावर,’ ती म्हणाली.

‘लावू की. लग्नाचा दाखला आणा.’

‘तो कोणी काढलाय?’

‘मग कोर्टात प्रतिज्ञापत्र. रेशन कार्डाची नक्कल. अर्ज करा, दीड-दोन महिन्यांत होईल.’

‘आणि हा फॉर्म?’

‘शुक्रवारी बंद.’ महिपतरावांना तिची दया आली असावी. ‘असं करा, खात्याचंच नाव घाला. चेक त्या नावाचा, सही त्या नावाची. पैसे परत आले तरी याच खात्यात जमा होतील. दुसरं नाव घातलंत तर परत आलेला कागद घेऊन हिंडाल.’

तिने नवा फॉर्म घेतला आणि लिहिलं, कमळा गंगाराम पालशेतकर. खाली घराचा पत्ता. महिपतराव म्हणाले, पत्त्याच्या वर ‘द्वारा बाळा मयेकर’ घाला, म्हणजे पोस्टमनला बरं. आणि इथे बाईचं डोकं फिरलं. टायर द्वारा बाळा मयेकर, कौलं द्वारा बाळा मयेकर, आता हेसुद्धा? ‘काही नको,’ ती म्हणाली. ‘माझं घर आहे. येईल बरोबर.’ महिपतरावांनी खांदे उडवले आणि शिक्का मारला.

ती घरी आली आणि एक चूक करून बसली. सांगून टाकलं. अडीचशेत काम झालं, असं तिने मोठ्या ऐटीत ताटं वाढताना सांगितलं. त्यांची तोंडं बघायची होती तिला. पण तोंडं बघायला मिळाली नाहीत. बाळा म्हणाला, ‘अडीचशेत मिळतो तो कसला शेअर?’ धाकू म्हणाला, सेकंड इंजिनिअरला विचारतो, मला फसवणूक वाटते. सगुणाबाई म्हणाल्या, ‘कौल लावला नाय ना. बघा आता.’

मग रोजचा जाच सुरू झाला. बाळा डेपोतून आला की दारातून, ‘काय गो, लखपती झालीस का?’ धाकू पंख्याखाली आडवा पडून पात्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, ‘वहिनी, यातलं एक पातं तुमचं ना?’ आधी ती हसली. मग गप्प बसली. मग तिने धाकूला सांगितलं, की आता पंख्याचं बटण माझ्या परवानगीने लावायचं. तरी तो रजा संपून जाईपर्यंत थांबला नाही.

सगळ्यात कहर डब्याचा. उरलेले अडीचशे तिने वेगळे बांधून तांदळाखाली ठेवले होते, शेअर लागले तर भरायला. शिमग्याला बाळाने ते बघितले. पालखीची वर्गणी होती. ‘नाहीतरी शेअर काही लागत नाहीत तुला,’ तो म्हणाला. ‘नुसते पडून आहेत.’ त्यावर जे भांडण झालं ते शेजारच्या चार घरांनी जेवण थांबवून ऐकलं. पैसे डब्यातच राहिले. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही आणि दमयंतीला ते दोन दिवस फार बरे गेले.

मे उजाडला. आंब्याचे दिवस, आणि बाईला श्वास घ्यायला फुरसत नाही. त्या दिवशी घरापुढच्या खळ्यात खाट टाकून, वर ताटं मांडून ती आंबापोळी घालत होती. ताटाला तुपाचं बोट फिरवायचं, रस ओतायचा, पसरायचा, आणि हे करताना एक डोळा कावळ्यांवर ठेवायचा. कोपरापर्यंत रस, कपाळावर घाम, वर माश्या. कंपनीकडून अजून काही आलं नव्हतं. शेअर लागल्याचंही नाही, पैसे परत आल्याचंही नाही. सकाळीच बाळा जाता जाता म्हणून गेला होता, ‘बुडाले गो तुझे अडीचशे. आता डब्यातले तरी वाचव.’ ते वाक्य अजून तिच्या कानात माशीसारखं गुणगुणत होतं.

तेवढ्यात कुंपणाच्या बेड्याशी सायकलची घंटा वाजली. जुना पोस्टमन निवृत्त झालेला, हा नवा धोंडू हातखंब्याहून बदलून आलेला. त्याला वाडीतलं अजून काही माहीत नव्हतं. रोज कोणाचं तरी पत्र भलत्याच दारात टाकायचा आणि लोकांच्या शिव्या खायचा.

‘कमळा पालशेतकर कोण इथे?’ त्याने बाहेरूनच विचारलं. ‘रजिस्टर आहे.’

‘नाही हो त्या नावाचं कोणी,’ दमयंतीने मान वर न करता सांगितलं. ‘हे मयेकरांचं घर.’

‘पत्ता तर हाच आहे.’

‘पत्ता हाच असेल. माणूस नको का? पालशेतकर पेठकिल्ल्यात असतात. तिकडे बघा.’ एक कावळा ताटावर उतरायला बघत होता. ‘हुश्श मेल्या. तुम्हाला नव्हे हो.’

धोंडूने पिशवीतून पेन काढलं, पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि सायकल वळवली. नवीन माणूस ठेवतात आणि साधी नावं धड शोधता येत नाहीत, असं पुटपुटत तिने पुढचं ताट ओढलं.

पडवीतून सगुणाबाईंचा आवाज आला. ‘कोण होतं गो?’

‘पोस्टमन. कुणा कमळा पालशेतकरचं रजिस्टर घेऊन आला होता.’

‘मग?’

‘मग काय? नाही म्हणून सांगितलं.’

पडवीत काजू सोलायचा आवाज थांबला. मग सगुणाबाई उठून कठड्याशी आल्या आणि सुनेकडे बघत राहिल्या.

‘दमे,’ त्या म्हणाल्या, ‘कमळा पालशेतकर तू.’

दमयंतीच्या हातातली वाटी तशीच राहिली. बँकेत ती त्या नावाने सही करायची, नाही असं नाही. पण ते नुसतं गिरगटणं, हाताची सवय. कानावर ते नाव अकरा वर्षांत पडलं नव्हतं. माहेरी सगळे तिला बाय म्हणायचे. सासरी दमे. दारात उभं राहून ‘कमळा कोण’ असं कोणी विचारलंच नव्हतं, आणि आज विचारलं तर तिनेच, आपल्या तोंडाने, आपल्याला घरातून घालवून दिलं होतं. नवऱ्यावर चिडता येईना, दिरावर चिडता येईना. तिला इतकं रडू आलं, की तिने ते रागाने गिळलं.

‘बघत काय राहिलीस?’ सासूबाई ओरडल्या. ‘पळ. मी कावळे हाकते.’

ती पळाली. पायात चपला नाहीत, कोपरापर्यंत रस. धोंडू तिला जेट्टीच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीशी सापडला. त्याने बशी तोंडाला लावली होती.

‘ते रजिस्टर द्या. कमळा पालशेतकर मीच.’

धोंडूने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘बाई, आत्ता तुम्हीच म्हणालात नाही म्हणून. मी तसं लिहिलं पण.’ त्याने पाकीट दाखवलं. ‘या नावाचं कोणी राहत नाही. तारीख घातली, सही केली. हे आता परत जाणार.’

‘अहो, मी विसरले होते.’

‘स्वतःचं नाव?’

टपरीवरचे दोघेतिघे हसले. धोंडू वाईट माणूस नव्हता. त्याची नोकरी नवी होती आणि गेल्याच आठवड्यात भलत्याला मनीऑर्डर दिली म्हणून साहेबांनी त्याला झापलेलं. ‘तुम्हाला ओळखणारं कोणी आणा,’ तो म्हणाला. ‘ही कमळा पालशेतकर म्हणून सांगून सही देणारं. मग देतो.’

आणि देवाने नेमकं त्याच वेळी बाळाला पाठवलं. जेवायला घरी येत होता. बायको रस्त्यात अशी उभी बघून त्याने स्कूटर थांबवली.

‘हे ओळखतात मला,’ दमयंती म्हणाली. ‘विचारा त्यांना.’

‘ह्या कोण?’ धोंडूने विचारलं.

‘ही? ही माझी बायको,’ बाळाने सरळ सांगितलं. ‘दमयंती मयेकर.’

‘बघा,’ धोंडू म्हणाला. ‘आणि हे पाकीट कमळा पालशेतकरचं.’

‘का? काय झालं? कमळाचं पत्र? कमळा माझी बहीण, मिऱ्याला दिली. पण ती पालशेतकर नव्हे.’

दमयंतीने कपाळावर हात मारला आणि कपाळाला रस लागला. ‘अहो, तांदळात तुम्हीच लिहिलंत ना नाव? त्याच्या आधी माझं काय नाव होतं?’

बाळा विचारात पडला. तो खरंच आठवत होता, हे तिला दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. ‘आधी,’ तो म्हणाला, ‘आधी तुला बाय म्हणायचे ना तिकडे?’

लग्नपत्रिकेवर ते नाव छापलेलं होतं. त्याच्या नावाच्या अगदी शेजारी.

तेव्हा वाडीच्या तोंडाशी सगुणाबाई दिसल्या. गुडघ्यांमुळे त्या देवळापलीकडे जात नसत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कावळे हाकायचा फडका. कावळ्यांना त्यांनी आंबापोळी मोकळी सोडून दिली होती. त्या आल्या, टपरीच्या बाकड्यावर बसल्या, दम घेतला.

‘काखेत कळसा नि गावाला वळसा,’ त्या धोंडूला म्हणाल्या. ‘लिही. ही कमळा गंगाराम पालशेतकर. पालशेतची, गुहागर तालुका. हिचं नाव मी बदललं. हिचा बापूस तेव्हा मांडवात तोंड फिरवून उभा होता, ते मी बघितलं. म्हणून माझ्या लक्षात आहे. अंगठा कुठे करू?’

धोंडूने आपलं लिहिलेलं खोडलं, बाजूला सगुणाबाईंचा अंगठा घेतला, आणि दमयंतीने पदराला हात पुसून सही केली. या वेळी ती गिरगटली नाही. एकेक अक्षर सुटं काढलं. कागदाला रस लागला तो लागलाच.

पत्रात चार ओळी होत्या. पन्नास शेअर लागले होते. उरलेले अडीचशे महिनाअखेर भरायचे, नाहीतर शेअर रद्द. बाळाने पत्र दोनदा वाचलं, उलटं करून मागे काही आहे का बघितलं. ‘म्हणजे खरंच अडीचशेतच होतं की,’ तो म्हणाला. एवढे महिने बायको हेच सांगत होती, ते त्याला छापलेलं दिसल्यावर पटलं.

घरी येईतो कावळ्यांनी दोन ताटांचा फडशा पाडला होता. सगुणाबाईंनी ती ताटं बाजूला सारली. जेवणं झाली. बाळा हात धुऊन आला, सुपारी कातरता कातरता पत्राकडे बघत राहिला, आणि मग त्याचा आवाज मऊ झाला. तो आवाज दमयंती ओळखत होती.

‘महिनाअखेरपर्यंत मुदत आहे ना? तोवर डब्यातले शंभर दे गो. डेपोतल्या भिशीचा हप्ता राहिलाय. पगार झाला की ठेवतो परत.’

दमयंती खळ्यात जायला निघाली होती. ती उंबऱ्याशी थांबली. एरवी ती ओरडली असती. आज ओरडायचं तिच्या मनातच आलं नाही.

‘डब्यातले कमळाचे आहेत,’ ती म्हणाली. ‘ती देत नाही म्हणते.’

बाळाला वाटलं ती थट्टा करते आहे. तो हसला. ‘बरं. मग दमयंतीचे दे.’

‘दमयंतीकडे काही नाही,’ ती म्हणाली. ‘तिचे तुम्ही सगळ्यांनी कधीच संपवलेत.’

पडवीत काजू सोलायचा आवाज पुन्हा थांबला होता. बाळाने आईकडे बघितलं. आईने पुढचा काजू उचलला. दमयंती बाहेर गेली, कावळ्यांनी टोचलेली ताटं तिने खरवडून घेतली, पुन्हा तुपाचं बोट फिरवलं आणि रस ओतायला बसली.